विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राचे पाणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र ही जयपूरच्या वायव्येला, सीकर रस्त्यालगत वसलेली ‘रीको’ची, म्हणजे राजस्थानच्या औद्योगिक विकास महामंडळाची, वसाहत. जयपुरात तिला नुसते ‘व्हीकेआय’ म्हणतात. जवळच जैसल्या गावाच्या परिसरात द्रव्यवती नदी उगम पावते. शहरातून सुमारे ४७ किलोमीटर वाहून ती ढूंढ नदीला मिळते. ढूंढ मोरेलला आणि मोरेल बनासला. जयपूर ज्या बिसलपूर धरणाचे पाणी पिते तेही बनासवरच आहे, मात्र मोरेलच्या संगमाच्या बरेच वर. एकाच खोऱ्यात वरच्या अंगाचे पाणी उचलायचे आणि सांडपाणी खालच्या अंगाला सोडायचे, असा हा व्यवहार आहे. खोऱ्याचा हा नकाशा नजरेआड झाला की गैरसमजांना जागा मिळते.

राजस्थान म्हटले की वाळवंट डोळ्यांसमोर येते आणि टंचाईचा दोष पावसावर जातो. जयपुरात मात्र वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांची सरासरी याहून फार वेगळी नाही. अडचण अशी की तो पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत कोसळतो. जुलै १९८१ मध्ये तर याच शहरात महापूर आला होता.

धरण भरले की काळजी मिटली, हा समज रामगढने खोटा ठरवला आहे. बाणगंगेवरचे हे धरण १९०३ मध्ये पूर्ण झाले, १९३१ पासून त्याचे पाणी जयपूरला येऊ लागले आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धांतले नौकानयन त्याच्याच जलाशयात झाले. पुढे ते कोरडे पडले. पाऊस थांबला नव्हता. पाणलोटात बंधारे, शेतघरे आणि अतिक्रमणे झाली, त्यामुळे पडलेले पाणी धरणापर्यंत पोहोचेना. अब्दुल रहमान खटल्यात राजस्थान उच्च न्यायालयाने २००४ मध्ये नद्या-नाल्यांचे पाणलोट १५ ऑगस्ट १९४७ च्या स्थितीत आणण्याचा आदेश दिला, तो याच रोगावरचा उपाय. आता शहराची भिस्त सुमारे १२० किलोमीटरवरच्या बिसलपूरवर आहे. त्याची क्षमता ३८.७ टीएमसी, पण त्यात टोंक जिल्ह्याच्या सिंचनाचाही वाटा आहे. जून २००५ मध्ये टोंकमधल्या सोहेला येथे या धरणाच्या पाण्यासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन बळी गेले.

धरणाचे पाणी पुरत नाही तेव्हा बोअरवेल येते, आणि जितके खोल जावे तितके पाणी अधिक, अशी समजूत तिच्यासोबत येते. खोलवरचे पाणी ही जुनी शिल्लक आहे. राजस्थानात दरवर्षी जमिनीत जितके मुरते त्याच्या जवळजवळ दीडपट उपसले जाते. जयपूरचा झोटवाडा विभाग तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत होता.

मग हे सगळे पाणी कारखाने पितात का? देशातल्या भूजल उपशापैकी सुमारे ८७ टक्के शेतीसाठी होतो. उद्योगांचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा कारखानदारांना सोयीचा असला तरी अर्धाच उपयोगाचा आहे. उपसा एका जागी एकवटला की तिथली पातळी देशाची सरासरी पाहून थांबत नाही. शिवाय कारखान्याचा खरा भार वापरलेल्या लिटरांत मोजता येत नाही. पोलाद थंड करायला वापरलेले पाणी गार करून पुन्हा फिरवता येते. धातूवर मुलामा चढवणाऱ्या छोट्या कारखान्याला पाणी थोडे लागते, पण त्याचे क्रोमियम-निकेलयुक्त धुवण नाल्यात गेले तर कितीतरी पटींनी अधिक पाणी बाद होते. द्रव्यवतीच्या २०१८ मध्ये उद्घाटन झालेल्या पुनरुज्जीवन प्रकल्पात सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे आहेत. मात्र घरगुती मैला पचवणारी जिवाणूंची प्रक्रिया धातू नष्ट करू शकत नाही. ते गाळात तरी साचतात, नाहीतर पुढे वाहतात. म्हणून असे पाणी कारखान्याच्या दारातच वेगळे करावे लागते.

भूजल वाढवण्यासाठी पावसाचे पाणी जमिनीत सोडणारा पुनर्भरणाचा खड्डाही सरसकट गुणकारी नाही. कारखान्याच्या हजार चौरस मीटरच्या छतावर वर्षभरात ६ लाख लिटर पाऊस पडतो. गळती-बाष्पीभवन वजा जाता पावणेपाच लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस खेपा, हाती लागतात. हे पाणी टाकीत साठवून वापरणे सर्वांत सुरक्षित. जमिनीत सोडायचे असेल तर पहिल्या सरींचे पाणी वगळून फक्त छताचे सोडावे. अंगणातले, तेल-रसायन सांडलेल्या फरशीवरून वाहणारे पाणी त्याच खड्ड्यात उतरले, तर वर्षानुवर्षे साफ न होणारे प्रदूषण थेट भूजलात पोहोचते.