सोळा वर्षांचा ड्रॉइंगचा तास

परीक्षा जवळ आली की शाळेच्या वेळापत्रकातला पहिला बळी कोणता जातो, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. अमरावतीची नावाजलेली शाळा असो, अकोल्याची असो, नाही तर दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या एखाद्या खेड्यातली, ड्रॉइंगच्या तासाला गणिताचे सर दारात उभे राहतात आणि मुलं रंगपेट्या निमूटपणे दप्तरात टाकतात. मागच्या बाकावरून एखादा हळूच विचारतो, "सर, आज डराईंग नाही का?" त्याला उत्तर मिळत नाही.

आणि ड्रॉइंगचे मास्तर? ते तेव्हा कुठे तरी गॅदरिंगचा पडदा रंगवत असतात, फळ्यावर सुविचार लिहीत असतात, नाही तर स्वागताच्या फलकावर पाहुण्यांचं नाव रेखीत असतात. गावात त्यांच्याबद्दल एक वाक्य ठरलेलं असतं. 'मोठा चित्रकार व्हायचं होतं त्याला. जमलं नाही, म्हणून मास्तर झाला.' हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो, की ते खरं आहे का, हे तपासून पाहावं असं वाटतच नाही.

ते तपासायचं, तर नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या आयुष्याकडे पाहावं. बेंद्रे वऱ्हाडचे नव्हेत. पण फार परकेही नव्हेत. ते इंदूरचे. अकोल्याहून खांडव्यावरून इंदूरकडे जाणारी मीटर गेजची गाडी कित्येक वर्षं आपल्याला त्या गावाशी जोडत होती. होळकरांच्या त्या संस्थानात मराठी घरं पुष्कळ. अशाच एका घरात २१ ऑगस्ट १९१० रोजी बेंद्र्यांचा जन्म झाला.

इंदूरला तेव्हा दत्तात्रय दामोदर देवळालीकर नावाचे एक चित्रकला शिक्षक होते. स्वतः मुंबईला शिकून आलेले. संस्थानच्या कलाशाळेत ते मुलांना शिकवत आणि त्यांना चार भिंतींच्या बाहेर, उन्हात नेऊन चित्रं काढायला लावत. घाटावरचं ऊन, झाडाखालची सावली, संध्याकाळी बदलत जाणारा भिंतीचा रंग, हे आधी पाहायला शिका, मग कागदाला हात लावा, अशी त्या शाळेची रीत. या एका मास्तरांच्या हाताखालून बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर अशी माणसं गेली. मकबूल फिदा हुसेनही काही काळ तिथे शिकले. हुसेन जन्मले पंढरपूरला, पण त्यांचं लहानपण गेलं इंदूरला. आपल्याला चित्रकार होऊ द्यावं म्हणून बेंद्र्यांनीच आपल्या वडिलांचं मन वळवलं, ही आठवण हुसेन पुढे सांगत असत.

देवळालीकरांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्या शिष्यांची नावं मात्र साऱ्या देशाला ठाऊक आहेत. मास्तरकीचा हिशेब असाच असतो. जमा दुसऱ्याच्या खात्यावर दिसते.

चित्रकलेच्या शिक्षणाबरोबर बेंद्रे बी. ए. झाले, मुंबईची कला पदविकाही त्यांनी मिळवली. १९३६ ते १९३९ या काळात काश्मीर सरकारच्या पर्यटन विभागासाठी चित्रकार म्हणून त्यांनी काम केलं. तिथली सरोवरं, डोंगर आणि बाजार त्यांच्या जलरंगांत उतरले. १९४१ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९४५ साली शांतिनिकेतनात राहून त्यांनी नंदलाल बोस, रामकिंकर बैज, बिनोदबिहारी मुखर्जी यांचं काम जवळून पाहिलं. मग अमेरिका. न्यूयॉर्कला १९४८ साली त्यांचं एकट्याचं प्रदर्शन भरलं, तिथेच मुद्राचित्रणाचे धडे त्यांनी घेतले आणि युरोपातली चित्रं डोळे भरून पाहून ते परतले. वय अजून चाळीस व्हायचं होतं. म्हणजे ज्याला 'जमलं नाही' असं म्हणता येईल, असा हा माणूस मुळीच नव्हता.

आणि नेमक्या याच वेळी ते मास्तर झाले.

बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. चित्रकला ही केवळ पदविकेची गोष्ट नाही, इतर विद्यांसारखीच तीही विद्यापीठात शिकवली जावी आणि तिची पदवी मिळावी, असा विचार तिथे झाला. १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि चित्रकला विभाग बेंद्र्यांच्या हाती आला. शिल्पकलेला शंखो चौधरी होते. पुढच्या वर्षी के. जी. सुब्रमण्यन येऊन मिळाले. १९५९ साली बेंद्रे विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले.

या वर्गात कोण येत होतं? मुंबई-कलकत्त्याची मुलं नव्हेत. ज्योती भट्ट भावनगरहून आले. तिथल्या घरशाळेत जगुभाई शाह नावाचे चित्रकला शिक्षक होते, त्यांनी या मुलाला घडवलं होतं. त्याच जगुभाईंचे दुसरे विद्यार्थी हिम्मत शाह. गुलाम मोहम्मद शेख सुरेंद्रनगरहून आले. हकू शाह दक्षिण गुजरातेतल्या वालोडचे. गुलाम रसूल संतोष आणि रतन परिमू थेट काश्मीरहून. जगाच्या नकाशावर ज्यांचा ठिपकाही सापडू नये, अशा गावांतली ही मुलं. अकोट नाही तर अचलपूरहून एखादा मुलगा पेटी घेऊन निघाला असता, तर तोही याच बाकावर बसला असता.

या मुलांना बेंद्र्यांनी स्वतःची शैली दिली नाही. हे लक्षात घेण्यासारखं आहे. जलरंग, तैलरंग, टेम्परा, मुद्राचित्रण, सारं हाताळा. युरोपातले क्यूबिस्ट काय करत होते ते पाहा, आपली लघुचित्रंही पाहा, आणि मग तुमचं तुम्ही ठरवा, असं ते शिक्षण होतं. स्वतः बेंद्रेही मुलांसमोर चित्र काढत, नवं काही करून पाहत. १९५५ साली त्यांच्या 'काटा' या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पायातला काटा काढण्याची साधी, रोजची गोष्ट. पण मांडणी आधुनिक. १९५६ साली बडोदा ग्रुपचं पहिलं प्रदर्शन मुंबईत भरलं, तेव्हा गुरूची आणि शिष्यांची चित्रं एकाच दालनात होती. आपल्याकडे किती गुरूंना हे मानवलं असतं?

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोळा वर्षं म्हणजे चाळिशीपासून पंचावन्न-छप्पन्नपर्यंतचा काळ. चित्रकाराच्या उमेदीचा. तो काळ वर्ग, परीक्षा, बैठका, विद्याशाखेचा कारभार यांत वाटला गेला. त्याच वर्षांत हुसेन, रझा, सूझा यांनी आपापली ओळख ठसवली. बेंद्र्यांच्या हातून सतत प्रयोग होत राहिले, म्हणून 'यांची स्वतःची अशी शैली कोणती?' असंही विचारलं गेलं. तो प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. वर्गासमोर दहा वाटा उघडून दाखवणाऱ्याला एकाच वाटेने दूरवर जायला उसंत मिळत नाही.

बेंद्र्यांना हे कळत नसेल, असं कसं म्हणावं? १९६६ साली त्यांनी राजीनामा दिला आणि मुंबईला येऊन ते पूर्ण वेळ चित्रं काढू लागले. पुढे रंगाच्या बारीक ठिपक्यांनी बांधलेली त्यांची चित्रं आली. खेड्यातल्या बाया, गुरं, झाडं, आणि या सगळ्यांवर पसरलेलं ऊन. ते ऊन पाहिलं की इंदूरच्या देवळालीकर मास्तरांची आठवण यावी. ती ओळख उशिरा आली, पण आली. १९६९ साली पद्मश्री, १९९२ साली पद्मभूषण. तो सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत बेंद्रे गेले.

मग त्या सोळा वर्षांत मिळालं काय? ज्योती भट्ट बडोद्यातच शिक्षक झाले. मुद्राचित्रकार म्हणून तर त्यांनी नाव केलंच, शिवाय खेडोपाडी फिरून भिंतींवरची आणि अंगणातली बायकांची कला कॅमेऱ्यात टिपून ठेवली. शेख यांनी चित्रंही काढली आणि बडोद्यात पिढ्याही शिकवल्या. परिमू कलेच्या इतिहासाचे अध्यापक झाले. हकू शाहांनी आदिवासींच्या कलेसाठी आयुष्य वेचलं. देवळालीकरांकडून बेंद्र्यांकडे, बेंद्र्यांकडून यांच्याकडे, आणि यांच्याकडून आणखी कितीजणांकडे! बेंद्रे बडोद्याला गेले नसते, तर त्यांची आणखी काही उत्तम चित्रं आपल्याला मिळाली असती. पण ही परंपरा मिळाली नसती.

आता पुन्हा आपल्या शाळेकडे येऊ. आपल्याकडची मुलं अजूनही एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सारं पाठ केल्यासारखं काढतात, कारण त्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. ड्रॉइंगचे मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, अशी एखादी शाळा तुमच्याही पाहण्यात असेल. प्रत्येक ड्रॉइंग मास्तर बेंद्रे असतो, असं कुणी म्हणणार नाही. पण भावनगरच्या शाळेत जगुभाई नसते, तर ज्योती भट्टांना बडोद्याचा रस्ता तरी कुणी दाखवला असता? कापसाच्या ढिगावर पडलेलं दुपारचं ऊन पांढरं नसतं, त्यात निळा असतो, पिवळा असतो, हे एखाद्या पोराला पहिल्यांदा कुणी तरी सांगावं लागतं. ते गणिताच्या तासाला कळत नाही.

तुमच्या शाळेचे ड्रॉइंगचे मास्तर अजून असतील, तर एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन या. कपाटावर, पलंगाखाली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काही चित्रं असतील. ती दाखवा म्हणावं. आधी ते आढेवेढे घेतील. मग एकेक चित्र काढून पुढे ठेवतील.