मोटारीच्या जाळीस घरीं रंग

मोटारीच्या तोंडावरील जाळी ही केवळ शोभेची वस्तु नव्हे. तिच्यांतून वारा आंत शिरतो आणि रेडिएटर थंड राहतो. म्हणून रंगविण्यापूर्वीं ती उतरवून घ्यावी. जागेवरच फवारा मारल्यास रंग रेडिएटरच्या बारीक पात्यांवर बसतो.

माझा पहिला प्रयत्न फसला. चकचकीत क्रोमच्या मुलाम्यावर मीं थेट काळा रंग चढविला. महिन्याभरांत त्याचे पापुद्रे सुटले. दोष रंगाचा नव्हता, माझ्या उतावीळपणाचा होता. मुलामा इतका गुळगुळीत असतो कीं, त्यावर रंगाला पकड मिळत नाहीं. दुसऱ्या वेळीं साबणाच्या पाण्यानें मेण व तेल काढलें, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनें चकाकी पुरती जाईपर्यंत जाळी घासली (कोपऱ्यांत बोटें सोलवटलीं, तें निराळें!), मग प्रायमर दिला आणि तो वाळल्यावर वीतभर अंतरावरून रंगाचे तीन पातळ हात दिले. जाड हात ओघळतो. पावसाळ्यांत हें काम काढूं नये. दमट हवेंत रंगावर पांढुरकी झांक येते.

हल्लींच्या कांहीं गाड्यांत जाळीवरील चिन्हामागें रडार असतें. तेवढा भाग रंगवूं नये. धातुकण असलेला रंग त्याच्या लहरी अडवितो.