महासंगणकातील संदेश आणि सामाईक स्मृती

अनेक प्रक्रियकांनी मिळून एकच गणित सोडवावयाचे, तर त्यांच्यात माहितीची देवघेव हवी. १९९४ साली सिद्ध झालेल्या ‘एमपीआय’ या मानकाने तिची रीत ठरविली : प्रत्येक प्रक्रियेची स्मृती स्वतंत्र, देवघेव संदेशांद्वारे. आज मात्र महासंगणकाच्या एकेका घटक-संगणकात कित्येक कोअर एकाच स्मृतीवर काम करतात. तेथे शेजाऱ्यास माहितीची नक्कल पाठविणे हा वेळेचा व जागेचा अपव्यय होय. म्हणून २०१२ मधील तिसऱ्या आवृत्तीने घटक-संगणकापुरत्या सामाईक स्मृतीची सोय केली. परंतु संदेश मिळाला म्हणजे माहिती तयार आहे, ही जुनी हमी येथे नाही. लेखन पुरे होण्यापूर्वी वाचन झाल्यास उत्तर चुकते, आणि ती चूक कित्येकदा ध्यानातही येत नाही. तो क्रम राखण्याची जबाबदारी आता आज्ञावली लिहिणाऱ्यावरच येते.