सर्पगंधेची मुळी आणि मिठाचा जमाखर्च

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना सर्पगंधेची मुळी देऊन जे पाहिले, त्याची साद्यंत हकीकत त्यांनी सन १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली, आणि उन्माद व निद्रानाश यांवर आपल्या वैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ सालीच उन्माद शमवण्याचा आणि रक्तदाब उतरवण्याचा हे तिचे दोन्ही गुण नमूद करून ठेवले होते. त्यांचे नाव आज क्वचितच कोणी घेते, याची मला खंत वाटते.

परंतु उन्मत्त मनुष्याला शांत करणारी मुळी धमन्यांतील ताणही कसा उतरवते, हा प्रश्न मला त्या औषधाहूनही मोलाचा वाटतो. १९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीतील रसायनज्ञांनी या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले, आणि पुढच्या पाचसहा वर्षांत असे दिसून आले की, मज्जातंतूंच्या टोकांशी ज्या सूक्ष्म कोठारांत सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि डोपामिन ही निरोप पोचवणारी रसायने साठवलेली असतात, ती कोठारेच हे औषध रिकामी करते. मेंदूच्या लंबमज्जेतून सुटलेले हुकूम मज्जारज्जूवाटे उतरत रक्तवाहिन्यांच्या भिंतींपर्यंत जातात. तेथे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन पाझरले की वाहिनी आकसते व दाब चढतो. रेसर्पिन घेतल्यावर हुकूम निघतो, पण तो पोचवणारा जासूदच जागेवर नसतो.

याच मज्जातंतूंचा एक फाटा मूत्रपिंडाकडे जातो, आणि मिठाचा कारभार या हुकमतीखाली येतो तो तेथे. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातले बहुतेक सारे मीठ पुन्हा रक्ताच्या खजिन्यात जमा करणारे हे इंद्रिय, वरून ताकीद येताच मीठ अधिकच धरून ठेवते आणि रेनिन सोडते; रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते, ते अधिवृक्क ग्रंथीकडून मीठ राखायला लावणारे अल्डोस्टेरॉन मागवते, आणि मेंदूच्या ज्या मोजक्या जागी रक्त व मेंदू यांमधला पडदा विरळ आहे, तेथे पोचून तहानही चेतवते. मूत्रपिंडातच तयार होणारे डोपामिन मात्र मिठाला बाहेरची वाट मोकळी करून देते. रक्ताच्या खारटपणाची खबर मेंदूला थेटही लागते: स्वीडनमध्ये बेंग्ट अँडरसन यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये खाऱ्या पाण्याचा अंशमात्र सोडला, तेव्हा तहान नसलेल्या शेळ्याही घटाघटा पाणी पिऊ लागल्या.

रेसर्पिन घेणाऱ्या कित्येकांच्या पायांवर सूज का चढे, हे यावरून उमगते. दाब उतरला की मूत्रपिंडाला ती तूट वाटते, आणि ते मीठ व पाणी अडवून धरते. म्हणूनच १९५८च्या सुमारास लघवीवाटे मीठ काढणारी नवी औषधे हाती येताच डॉक्टर ती रेसर्पिनच्या जोडीने देऊ लागले. सूज ओसरली, दाबही आटोक्यात राहिला. परंतु काही रोगी दिवसेंदिवस खिन्न होत गेले, आणि त्यांचे औषध बंद करावे लागले.