तीन मिनिटांतले बालगंधर्व

आज भातसानगरहून बोलूया बालगंधर्वांविषयी, म्हणजे १८८८ साली जन्मलेल्या नारायण श्रीपाद राजहंसांविषयी. नाटकात वन्समोअर मिळत गेले की त्यांचं एकेक पद लांबत जायचं. पण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला मावायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. नाट्यगृहातलं ते रंगलेलं गाणं गेलं ते गेलंच. म्हणून उरलंय ते जपायचं.

घरच्या माळ्यावर अशी तबकडी सापडली तर उभी ठेवा. सॅनिटायझरनं मात्र पुसू नका हं! ती लाखेची असते, अल्कोहोलनं विरघळते. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा. ग्रामोफोनची पोलादी सुई दर वेळी खाच झिजवते, म्हणून जाणकाराकडून एकदाच डिजिटल करून घ्या. मग फोनवर हवं तितकं ऐका!