लाकडाचा मारुत

मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलात, तर तेथे ठेवलेले एक जुने जेट विमान जरूर पाहा. नाक टोकदार, पंख मागे वळलेले आणि शेपटाखाली शेजारी शेजारी दोन नळकांडी. हे एचएफ-२४ 'मारुत'. भारतात आखलेले आणि भारतात बांधलेले हे पहिले लढाऊ जेट विमान. त्याची छोटी प्रतिकृती तुम्हाला घरी करता येईल. तयार प्लॅस्टिकच्या संचाची वाट पाहत बसू नका. एक हलका लाकडी ठोकळा, एक करवत, पॉलिश पेपर आणि पुष्कळ चिकाटी एवढे भांडवल पुरे.

प्रथम प्रमाण ठरवू. विमानांच्या प्रतिकृतींसाठी १:७२ हे प्रमाण जगभर वापरतात. सहा फूट म्हणजे ७२ इंच, तेव्हा सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. मारुतला हे प्रमाण अगदी सोयीचे आहे. त्याच्या पंखांचा विस्तार ९ मीटर, म्हणून प्रतिकृतीत तो १२५ मिलिमीटर येतो. उंची ३.६० मीटर, म्हणजे ५० मिलिमीटर. लांबी १५.८७ मीटर, ती होते सुमारे २२० मिलिमीटर. विमानविषयक पुस्तकांत मारुतची वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन दृश्ये असलेली आकृती मिळते. ती चौकटी पाडून या मापाची करून घ्या.

लाकूड मऊ आणि बारीक रेषांचे हवे. बाल्सा मिळाले तर उत्तमच, पण आपल्याकडचा पांगाराही चालतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याची करतात, ती काही उगाच नव्हे. ठोकळ्याच्या लांबीच्या दिशेने लाकडाचे रेषे आले पाहिजेत. बाजूचे दृश्य ठोकळ्याच्या बाजूवर आणि वरचे दृश्य माथ्यावर उतरवा. आधी एका रेषेवर करवत चालवा, निघालेले तुकडे चिकटपट्टीने पुन्हा जागेवर बसवा आणि मग दुसऱ्या रेषेवर कापा. तुकडे पुन्हा का बसवायचे? तसे केले नाही तर माथ्यावरची रेषा तुकड्याबरोबर निघून जाईल! करवत आणि पटाशी वापरताना घरातील मोठे माणूस जवळ असू द्या, आणि धार नेहमी आपल्या हातापासून दूर जाईल अशी धरा.

आता धड गोलाईत आणायचे. येथे घाई करू नका, कारण मारुतची सारी गंमत याच आकारात आहे. वरून पाहिले तर हे धड सरळ नळीसारखे नाही. पंख जेथे जोडले आहेत तेथे ते आत दबलेले आहे, जणू विमानाला कंबर आहे. पुष्कळ मुले ही कंबर पॉलिश पेपरने घासून सरळ करून टाकतात. तसे केले की विमान मारुत राहत नाही.

ही कंबर कशासाठी? विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला की पुढच्या हवेला वाट देण्यास सवड मिळत नाही. आघात तरंग उठतात आणि हवेचा विरोध एकाएकी वाढतो. रिचर्ड व्हिटकम या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५२ च्या सुमारास एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. या वेगाला हवा धड वेगळे आणि पंख वेगळे असा भेद करीत नाही. विमानाचे नाकापासून शेपटापर्यंत आडवे काप घेतले, तर प्रत्येक कापाचे एकूण क्षेत्रफळ हळूहळू वाढत जाऊन हळूहळू कमी झाले पाहिजे. पंखांमुळे ते मध्येच वाढत असेल तर तेवढे धड बारीक करा. अमेरिकेच्या एफ-१०२ विमानाने याचा पुरावाच दिला. त्याच्या पहिल्या नमुन्याला सपाट उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडता येईना. कंबर दिल्यावर सुधारलेल्या नमुन्याने तो १९५४ मध्ये ओलांडला.

हा नियम तुम्ही स्वतः तपासून पाहू शकता. पंख चिकटवण्यापूर्वी धडाला सँडिंग सीलरचे तीन हात द्या, म्हणजे लाकूड पाणी पिणार नाही. नाकापासून दर दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करा. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याने भरलेले रुंद पातेले ठेवून काटा शून्यावर आणा. शेपटात ताठ तार खोचून धड नाकाच्या बाजूने उभे धरा आणि एकेका खुणेपर्यंत पाण्यात बुडवा. मात्र ते पातेल्याच्या तळाला टेकता कामा नये. काट्यावर जेवढे ग्रॅम वाढतील तेवढे घनसेंटिमीटर पाणी धडाने बाजूला सारले. आर्किमिडीज आठवला ना? लागोपाठच्या दोन खुणांच्या नोंदींतील फरकाला दोनाने भागले की त्या भागाच्या कापाचे सरासरी क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मिळते. त्याचा आलेख काढा. पंख लावून, त्यांनाही सीलर देऊन पुन्हा हाच प्रयोग करा आणि दुसरा आलेख पहिल्यावरच काढा. नुसत्या धडाच्या आलेखात कंबरेपाशी दरी दिसेल. पंखांनी ती कितपत भरून काढली, ते दुसरा आलेख सांगेल. दरी मुळीच दिसली नाही तर तुमचा पॉलिश पेपर जरा जास्तच चालला असे समजा.

हा आकार आखला कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने. दुसऱ्या महायुद्धातील 'फॉके-वुल्फ १९०' हे विमान त्याचेच. १९५६ साली तो आपल्या सहकाऱ्यांसह बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आला. आपल्या दृष्टीने मजेची गोष्ट अशी की मारुतच्या आधी तेथेही लाकडी प्रतिकृतीच बांधली गेली. फक्त तिचे प्रमाण होते १:१! पूर्ण आकाराचे हे बिनइंजिनाचे ग्लायडर १९५९ मध्ये डाकोटा विमानाने ओढून आकाशात नेले आणि आकाराची परीक्षा घेतली. खऱ्या मारुतचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले. वैमानिक होते सुरंजन दास.

आता धडाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हवा घेणाऱ्या तोंडांकडे वळू. प्रत्येक तोंडात एक अर्धा शंकू आहे. हे शंकू पेन्सिलीच्या टोकाचे उभे दोन भाग करून छान होतात. ध्वनीच्या वेगापेक्षा पुष्कळ जलद जाणाऱ्या विमानालाच असल्या शंकूची गरज पडते, कारण आत शिरणारी हवा आधी मंद करावी लागते. मारुत ध्वनीच्या दुप्पट वेगाने जावे अशीच मूळ कल्पना होती. त्यासाठी ऑर्फियस १२ हे सुमारे ३,७०० किलोग्रॅम रेट्याचे इंजिन योजले होते. ते पुरे करण्याचा खर्च भारताने उचलावा अशी मागणी आली, ती मान्य झाली नाही आणि इंजिन बारगळले. हाती राहिले सुमारे २,२०० किलोग्रॅम रेट्याचे ऑर्फियस ७०३. कंबर होती, शंकू होते, पण वेग ध्वनीच्या अलीकडेच अडला. याच इंजिनाला जास्त जोर देण्यासाठी मागे ज्वलनाची सोय केलेल्या मारुतची चाचणी घेताना १९७० मध्ये सुरंजन दास यांचा अपघाती मृत्यू झाला. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटात मारुतने जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले करण्याचे काम चोख केले. सैन्यातून ते १९९० मध्ये निवृत्त झाले.

प्रतिकृती तीन चाकांवर उभी करायची असेल तर एक तपासणी करा. मुख्य चाके जेथे येणार तेथे दोन्ही बाजूंना बोटे टेकवून विमान उचला. शेपूट खाली गेले तर गुरुत्वमध्य चाकांच्या मागे आहे. मग नाकात खालून भोक पाडून लोखंडी नट बसवा आणि लांबीने बुजवा. वजन जितके पुढे, तितके थोडे पुरते.

रंगाच्या बाबतीत साधा हिशेब ध्यानात ठेवा. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर ७२ पट केल्यावर तो ७ मिलिमीटरहून जाड होतो! खऱ्या विमानावर एवढा लेप कोण देईल? म्हणून रंग पातळ करा, दोन-तीन हलके हात द्या आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्या. थिनरचा वास छातीत जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा. रंगात किंचित पांढरा मिसळा. दूरच्या वस्तूचा रंग मधल्या हवेमुळे फिका दिसतो, आणि १:७२ चे विमान हातात घेणे म्हणजे खरे विमान दुरून पाहणेच आहे. आधी पोटाला फिका करडा, मग पाठीवर हिरवा आणि मातकट तपकिरी. बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे वायुसेनेचे वर्तुळ कागदाचे चिकटवू नका. कागदाची जाडीही सात मिलिमीटरच्या हिशेबात येते. कंपासने आखून बारीक कुंचल्याने भरा.

पट्टे काढण्याचा कंटाळा असेल तर पहिला नमुना करा, क्रमांक बीआर ४६१. त्याला सगळीकडे चंदेरी रंग पुरतो. मात्र चंदेरी रंगाखाली लाकडाची एकही रेष लपत नाही, तेव्हा पॉलिश पेपर आणखी दोन दिवस चालवावा लागेल.