सांगणारा आणि ऐकणारा : आयरिश नाटककार कॉनर मॅक्फर्सन

आयर्लंड देश विस्ताराने लहान. परंतु इंग्रजी रंगभूमीस त्याने जे नाटककार दिले, त्यांची नुसती नावे घेतली तरी मन थक्क होते. वाइल्ड, शॉ, सिंज, ओकेसी, बेकेट ही मालिका आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेच. आजच्या पिढीतून तिच्यात जी नावे घातली जातात, त्यांत कॉनर मॅक्फर्सन हे एक प्रमुख होय. तो नाटके लिहितो, पुष्कळदा ती स्वतःच बसवितो, आणि अधूनमधून चित्रपटही दिग्दर्शित करतो. ह्या तिन्ही उद्योगांत त्यास सारखेच यश लाभले असे आम्ही म्हणणार नाही. तथापि त्या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि तिकडेच आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. एका माणसाने आपले मन उघडावे व दुसऱ्याने ते ऐकून घ्यावे, एवढीच ती गोष्ट.

मॅक्फर्सनचा जन्म १९७१ साली डब्लिन शहरी झाला. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने इंग्रजी व तत्त्वज्ञान ह्या विषयांचे अध्ययन केले आणि तत्त्वज्ञानात एम्. ए. ची पदवी मिळविली. नाटकाचा नाद त्यास तेथल्याच विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात लागला. ‘रम अँड व्होडका’ (१९९२) व ‘द गुड थीफ’ (१९९४) ही त्याची आरंभीची नाटके. त्यांत एकटा नट रंगभूमीवर येतो आणि आपली हकीकत प्रेक्षकांस सांगून निघून जातो. दुसरे पात्रच नाही. ‘धिस लाइम ट्री बॉवर’ (१९९५) मध्ये तिघे जण आहेत, परंतु तेही आळीपाळीने प्रेक्षकांशीच बोलतात. १९९७ च्या ‘सेंट निकोलस’मध्ये तर एक नाट्यटीकाकार रक्तपिपासू पिशाच्चांच्या संगतीस लागतो, टीकाकारांविषयी नाटककारांचे मत काय असते, हे त्यावरून ताडावे!

त्याच वर्षी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने ‘द विअर’ हे नाटक रंगभूमीवर आणले, आणि सव्विसावे वर्षही न उलटलेल्या ह्या तरुणाचे नाव सर्वतोमुखी झाले. ‘विअर’ म्हणजे नदीवरचा लहानसा बंधारा. ह्या नाटकाचे बीज कोठले, हे मॅक्फर्सनने स्वतःच सांगितले आहे. त्याचे आजोबा लीट्रिम परगण्यात शॅनन नदीकाठी एका लहानशा घरात एकटेच राहत. नातू भेटीस गेला म्हणजे दोघे शेकोटीशी बसत व आजोबा गोष्टी सांगत. घरात रेडिओ चालू ठेवणे फार अगत्याचे, असे ते म्हणत. कारण त्यायोगे कोणी सोबतीस असल्याचा भास होतो. दहा माणसांच्या भरल्या घरात वावरणाऱ्या आमच्या वाचकांस ही युक्ति चमत्कारिक वाटेल. परंतु सबंध नाटक त्या रेडिओतून निघाले आहे, असे आम्हांस वाटते.

नाटकात घडते ते फार थोडे. खेड्यातला एक पब. आमच्यापैकी पुष्कळांस हा शब्द ऐकून नाक मुरडावेसे वाटेल. परंतु त्या प्रदेशात पब हीच गावची चावडी. बाहेर वारा घोंगावत आहे. आत अविवाहित, वयस्क जॅक, त्याचा सोबती जिम व तरुण मालक ब्रेंडन बसलेले आहेत. गावातला सधन गृहस्थ फिनबार हा व्हॅलेरी नावाच्या डब्लिनच्या एका स्त्रीस घेऊन येतो. तिने गावात जुने घर घेतले आहे. ती पांढरी वाइन मागते, आणि साऱ्यांची तारांबळ उडते. कारण असला जिन्नस तेथे कधी कोणी मागितलेलाच नसतो! मग पाहुणीवर छाप पाडावी म्हणून एकेक जण भुताखेतांच्या गोष्टी सांगू लागतो. जुन्या घराच्या दारावर रात्री पडणाऱ्या थापा, जिन्यावर दिसलेली बाई, स्मशानात भेटलेला अनोळखी मनुष्य. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीहून अधिक काळी.

शेवटी व्हॅलेरी बोलू लागते. तिची लहान मुलगी पोहण्याच्या तलावात बुडून वारली. आणि त्यानंतर एके दिवशी टेलिफोन वाजला व त्यात त्याच मुलीचा आवाज आला, मला घ्यायला ये म्हणून. येथे मॅक्फर्सनची खरी करामत दिसते. ज्या पुरुषांनी घटकेपूर्वी छातीठोकपणे भुते उभी केली, तेच आता आपापल्या गोष्टी मागे घेऊ लागतात. मला तेव्हा ताप होता, त्या नुसत्या ऐकीव गप्पा, असे म्हणू लागतात. ही माघार सांत्वनाची दिसते. पण तिचा अर्थ असा होतो की, बाई, तुलाही भासच झाला. व्हॅलेरीस ते नको आहे. इतरांच्या गोष्टी ऐकून आपण वेडे नाही एवढा तिला धीर आला होता, आणि तोच हे भले लोक हिरावून घेऊ पाहतात. दुःखिताशी बोलताना आपण सारेच हे करतो.

मागाहून जॅक आणखी एक हकीकत सांगतो. तीत भूत नाही. त्याची प्रेयसी डब्लिनला गेली, हा हट्टाने गावीच राहिला, आणि अखेर तिच्या लग्नास पाहुणा म्हणून गेला. तेथून बाहेर पडून तो एका अनोळखी पबात शिरला. तिथल्या माणसाने त्याचा चेहरा पाहिला आणि न मागता एक सँडविच करून पुढे ठेवले. घशात हुंदका असल्यामुळे तो घासही त्यास नीट गिळवेना. आयुष्यभर त्याच्या स्मरणात राहिले ते ते सँडविच. ह्या नाटकास १९९९ साली लॉरेन्स ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही गेले.

यशाबरोबर मद्यही वाढले. २००१ साली, ‘पोर्ट अथॉरिटी’ हे नाटक लंडनात सुरू होत असता, स्वादुपिंडाच्या दाहाने त्यास आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढावे लागले. वय अवघे एकोणतीस. तेव्हापासून त्याने मद्य कायमचे सोडले, आणि ही गोष्ट त्याने कधी लपविली नाही. आश्चर्य हे की, ह्या आजारापूर्वी एक वर्ष रंगभूमीवर आलेल्या ‘डब्लिन कॅरल’चा नायक मद्यामुळे बायकोमुलांस अंतरलेलाच होता. २००६ च्या ‘द सीफेअरर’मध्ये नाताळच्या आदल्या रात्री एका घरात पत्त्यांचा डाव रंगतो. आलेला सभ्य पाहुणा प्रत्यक्ष सैतान असून, पैज शार्की नावाच्या मद्य सोडू पाहणाऱ्या मनुष्याच्या आत्म्याची आहे. सैतान नरकाचे वर्णन करतो त्यात आग नाही. खोल, थंड समुद्राखाली एका अरुंद पेटीत एकटेच पडून राहणे, हा तो नरक. तत्पूर्वीच्या ‘शायनिंग सिटी’त (२००४) तर ऐकणे हाच धंदा असलेला मानसोपचारक आहे. मृत पत्नी दिसते म्हणून सांगणारा रोगी सावरत जातो, आणि ऐकणारा मात्र आतून पोखरलेला राहतो.

चित्रपटांविषयी थोडक्यात. ‘सॉल्टवॉटर’ (२०००) हे ‘धिस लाइम ट्री बॉवर’चेच रूपांतर. ‘दि ॲक्टर्स’ (२००३) मध्ये मायकेल केनसारखा नट असूनही चित्र फिके पडले आहे. रंगभूमीवर सांगणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्याचे मुखही आपल्यासमोर असते. कॅमेऱ्यास सांगितलेली गोष्टच दाखविण्याचा मोह होतो. ‘दि एक्लिप्स’ (२००९) मध्ये त्याने हा मोह बराच आवरला. कोव्ह ह्या बंदराच्या गावी साहित्यसंमेलनात मदत करणाऱ्या एका विधुर शिक्षकाची ही कथा. त्यास आपल्या सासऱ्याचे भूत दिसते, आणि सासरा अद्याप जिवंत आहे! मध्येच दचकविणारी दृश्ये आम्हांस अनावश्यक वाटली. परंतु ह्या शिक्षकाचे काम करणाऱ्या किअरन हाइंड्सचा मूक, थकलेला चेहरा विसरता येत नाही. न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात त्यास उत्तम नटाचे पारितोषिक मिळाले ते यथार्थच होय.

पुढे अमेरिकन गीतकार बॉब डिलन याच्या बाजूनेच विचारणा होऊन, त्याच्या गाण्यांभोवती मॅक्फर्सनने ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ (२०१७) रचले. मंदीच्या काळातले, १९३४ सालचे डुलूथ गावातील भाडेकरूंचे घर. ज्याला जे बोलवत नाही ते तो गाऊन दाखवितो. ब्रॉडवेवर हे नाटक ५ मार्च २०२० रोजी सुरू झाले, आणि आठवड्याच्या आतच महामारीमुळे सर्व नाट्यगृहांस टाळे लागले. पुढल्या वर्षी ते पुन्हा उघडले.

२०२५ साली लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये त्याचे ‘द ब्रायटनिंग एअर’ हे नवे नाटक झाले. त्याच वर्षी ‘द विअर’ त्याने प्रथमच स्वतः बसविले. आधी डब्लिनला, मग लंडनला. १९९७ साली ते इयन रिक्सन याने बसविले होते. ह्या खेपेस जॅकचे काम ब्रेंडन ग्लीसन ह्या विख्यात आयरिश नटाकडे होते, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ती सँडविचची हकीकत सांगून घेणारा नाटककार आता स्वतः जॅकच्या वयाकडे झुकला होता.